खाडीकाठच्या एका गावाचे दप्तर

सह्याद्रीच्या कुशीतून निघालेली काजळी नदी साखरपे, चांदेराई अशी खेडी मागे टाकीत रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस समुद्राला मिळते, आणि त्या मुखाच्या दक्षिण तीरावर भाट्ये हे गाव वसलेले आहे. उत्तर तीरावर राजिवड्याची मच्छीमार वस्ती आहे. तिच्या वरच्या अंगास, टेकडीवर, ब्रह्मदेशच्या पदच्युत थिबा राजासाठी १९१० च्या सुमारास बांधलेला राजवाडा आहे. त्या टेकडीच्या कडेवर उभे राहिले म्हणजे खाडीचे मुख, तीवरील पूल, पलीकडचे सुरूचे बन आणि दीड किलोमीटरभर पसरलेली भाट्याची पुळण हे सारे एका दृष्टिक्षेपात येते. थिबा राजा १८८६ पासून १९१६ मध्ये देवाघरी जाईपर्यंत रत्नागिरीत बंदिवासात होता. त्याच्या त्या तीस वर्षांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला, आणि तो लिहिणाऱ्यांना इंग्रज सरकारच्या दफ्तरातून हवे तितके कागद मिळाले. परंतु त्याच तीस वर्षांत खाडीच्या पलीकडे जी माणसे भातखाचरे नांगरीत होती, माडांना पाणी शिंपीत होती, होड्या लोटीत होती, त्यांचा इतिहास कोणी लिहिला नाही. इतिहासग्रंथांत भाट्याचे नाव आलेच तर बहुधा खाडीचे नाव म्हणून येते.

ज्या गावात किल्ला नाही, तह झाला नाही, कोणा सरदाराचा वाडा नाही, त्या गावाला इतिहास असतो काय, असा प्रश्न आपल्याकडे सहज विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला त्याचे उत्तर नकारार्थीच अभिप्रेत असते. मला या समजुतीचे मनापासून दुःख होते. आपल्या आजोबांच्या आजोबांचे नाव काय, ते या वाडीत कोठून आले, ज्या ठिकाणात आज आपण भात लावतो ते त्यांनी फोडले की कोणाकडून अर्धेलीने घेतले, हे जाणण्याची इच्छा ही काही फावल्या वेळची हौस नव्हे. आणि ती पुरी करू पाहणाऱ्या मनुष्याला एक गोष्ट लवकरच कळून येते, की कोकणात घराण्याचा इतिहास गावाच्या इतिहासावाचून लिहिता येत नाही. कारण येथील जवळजवळ प्रत्येक जुना कागद माणसासाठी म्हणून लिहिलेला नसून जमिनीसाठी आणि हक्कासाठी लिहिलेला आहे, आणि माणसे त्यात ओघाने आलेली आहेत.

इंग्लंडातील खेडेगावांची स्थिती या बाबतीत निराळी आहे. तेथे १५३८ साली, आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, थॉमस क्रॉमवेल या मंत्र्याने असा हुकूम काढला की प्रत्येक धर्मग्रामाच्या पाद्र्याने आपल्या हद्दीत होणारा बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद एका वहीत करावी. पुष्कळ वह्या नष्ट झाल्या, पुष्कळ निष्काळजीपणे ठेवल्या गेल्या. तरी चारशेहून अधिक वर्षांच्या या परंपरेमुळे एखाद्या खेड्यातील साध्या मेंढपाळाच्या घराण्याचीही दहा-बारा पिढ्यांची मालिका जुळविणे तेथे शक्य होते. देवळाभोवतीच्या आवारात थडगी असतात, त्यांवर नावे आणि वर्षे कोरलेली असतात. १८३६ साली चर्चचा दशमांश धान्याऐवजी रोकडीने घेण्याचा कायदा झाला, तेव्हा गावोगावचे नकाशे तयार झाले आणि कोणते शेत कोणाचे, कोण कसतो, हे त्यांच्या जोडीच्या याद्यांत नमूद झाले. पुढे १९४८ साली लेस्टर येथील विद्यापीठ-महाविद्यालयात स्थानिक इतिहासाचा स्वतंत्र विभाग निघाला, त्याचे प्रमुख डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५५ मध्ये इंग्लंडच्या भूमिरूपाची घडण सांगणारा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि शेताचा बांध, वळणारी वाट, ओसाड पडलेले घर हीही दफ्तरातल्या कागदाइतकीच साधने होत, हे तेथील शिक्षकांना, पाद्र्यांना आणि निवृत्त कारकुनांना पटवून दिले.

इंग्रज अंमलदार इकडे आले तेव्हा आपल्या देशातील ही जिज्ञासा बरोबर घेऊन आले होते. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड, रत्नागिरी आणि सावंतवाडीचा, १८८० साली प्रसिद्ध झाला. त्यात बंदरे, मासे, जाती, जमीनधारा, जत्रा यांची माहिती इतक्या बारकाईने दिलेली आहे, की आजही कोकणाविषयी लिहिणाऱ्याचे पहिले पाऊल तेथेच पडते. तथापि तो जिल्ह्याचा ग्रंथ आहे आणि राज्य करणाऱ्याच्या सोयीसाठी रचलेला आहे. त्यात गावाकडे पाहणारी दृष्टी वरून खाली आलेली आहे, आणि घराण्याकडे पाहणारी दृष्टी तर त्यात जवळजवळ नाहीच.

ती दृष्टी आपल्याकडे आली कुलवृत्तांतांच्या द्वारे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड छापला, त्यानंतर गावोगाव पायपीट करून माळ्यावरची, उतरंडीतली, कधी वाण्याच्या पुड्यांच्या वाटेला लागलेली दप्तरे वाचविली, आणि १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. या वातावरणातच कोकणस्थ ब्राह्मणांची अनेक घराणी आपापले वृत्तांत सिद्ध करण्यास प्रवृत्त झाली. मूळपुरुष, मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, घराण्याच्या शाखा, प्रत्येक पुरुषाचा जन्म, शिक्षण, व्यवसाय, त्याच्या पत्नीचे माहेर आणि मुलींची सासरे, असा सारा तपशील पत्रे पाठवून, माणसे धाडून, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या उलगडून त्यांनी जमविला. या वह्यांचे मोल फार मोठे आहे. यात्रेला गेलेला यजमान आपल्या हाताने आपले, वडिलांचे, आजोबांचे, भावांचे आणि गावाचे नाव लिहून ठेवतो, आणि पुढच्या पिढीतील कोणी गेला म्हणजे उपाध्ये तीच वही काढून त्याला पूर्वजाचे अक्षर दाखवितात. मृताच्या अक्षरावरून बोट फिरविण्याचा जो अनुभव इंग्रज मनुष्याला चर्चमधल्या वहीवर येतो, तो आपल्याकडे गोदावरीच्या घाटावर येतो.

कुलवृत्तांतांविषयी मला अतिशय आदर आहे. इतक्या चिकाटीने, कोणत्याही सरकारी साहाय्यावाचून, सामान्य कारकुनांनी आणि शिक्षकांनी केलेले दुसरे ऐतिहासिक काम मराठीत थोडेच सापडेल. पण त्यांत घराणे आहे आणि गाव नाही. मूळपुरुष अमक्या गावी खोत होता, असे एका ओळीत सांगून वृत्तांत पुढे पुण्यास, इंदुरास, बडोद्यास जातो, आणि त्या गावात मागे राहिलेले गुरव, कुणबी, भंडारी, महार, दालदी यांच्याशी त्या घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्या जो व्यवहार झाला तो पानावर येत नाही. ज्यांच्याकडे सनद होती त्यांनी आपली वंशावळ लिहिली. ज्यांच्याकडे सनद नव्हती त्यांची नावे मात्र सनद असणाऱ्यांच्याच कागदांत पडून आहेत, आणि भाट्यासारख्या गावाच्या संशोधकाचे खरे काम तेथून सुरू होते.

त्यासाठी खोती समजून घेतली पाहिजे. घाटावर जो मान पाटील-कुळकर्ण्यांचा, तो रत्नागिरी जिल्ह्यात बहुसंख्य गावी खोताचा. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहून देशावरच्या खेड्याचे जे यथार्थ चित्र काढले, ते घेऊन कोकणात उतरणाऱ्याची म्हणूनच फसगत होते. येथे गावठाण एकवट नाही. वाड्या डोंगरउतारावर, पाखाड्यांच्या कडेने, एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर विखुरलेल्या असतात. खोत सरकारात गावचा आकार भरी आणि कुळांकडून धान्याचा वाटा घेई. कोठे अर्धेल, कोठे तिर्धेल. सरकारी आकारच देणारा तो धारेकरी. त्याच्या खाली दीडपट देणारा दिडीवाला, दुप्पट देणारा दुपटकरी, अशा पायऱ्या होत्या. खोताचा हक्क जमिनीवर की केवळ वसुलीवर, हा वाद इंग्रजी अंमलात चांगला पाऊणशे वर्षे चालला. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिकांसारख्या कायदेपंडिताने खोतांची बाजू मांडली, रत्नागिरीत जन्मलेल्या आणि स्वतः खोत घराण्यातील असलेल्या लोकमान्य टिळकांनीही मांडली. आणि १९३७ साली डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले तेव्हा त्यांच्या पाठीशी उभी राहिलेली कुळे याच जिल्ह्यातील वाड्यांमधली होती. खोती प्रत्यक्ष संपली ती स्वराज्यानंतर, १९४९ च्या कायद्याने.

हा वाद आज राजकारणातून नाहीसा झाला असला, तरी त्याने मागे ठेवलेला कागद संशोधकाला कल्पवृक्षासारखा आहे. १८८० च्या खोती कायद्याने असे ठरविले, की जे कूळ १८४५ सालापासून सलग वहिवाट करीत आले आहे त्याला जमिनीवरून काढता येऊ नये. त्यामुळे ज्या कुणब्याच्या नावाने कोणी कधी कागद केला नव्हता, त्याला आपला बाप, आपला आजा आणि त्यांची वहिवाट सरकारी अंमलदारापुढे शाबीत करावी लागली. त्या चौकशीचे निष्कर्ष बोटखतात उतरले. बोटखत हे खोती गावचे कुळवार दप्तर. त्यात नंबरवार जमीन, तिचा आकार, खोताचा वाटा आणि कुळाचे नाव असते. जमिनीच्या भांडणापायी लिहिलेल्या त्या रकान्यांतून एखाद्या वाडीची तीन पिढ्यांची नावे निघतात, भावाभावांच्या वाटण्या कळतात, कोणते कूळ कोणत्या साली परागंदा झाले आणि त्याच्या ठिकाणी कोण आले हे दिसते. खोताच्या घरच्या कबुलायती, फैसलनामे, दिवाणी कोर्टातील दाव्यांच्या नकला, भूमापन खात्याची टिपणे आणि आकारफोड, ही सारी त्याच्या जोडीला ठेवून वाचली पाहिजेत. एकटे बोटखत पुष्कळदा खोताच्या बाजूने बोलते. कोर्टातील जबानी त्याला उत्तर देते.

याहून जुना कागद हवा असेल तर मार्ग अधिक बिकट आहे. १७५६ साली विजयदुर्गाचा पाडाव होऊन तुळाजी आंग्र्यांची सत्ता संपली आणि या किनाऱ्यावर पेशव्यांचा अंमल बसला. तेथपासून १८१८ पर्यंतचे हिशेब, सनदा आणि तक्रारी पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या अवधीत त्या दफ्तरातून ४५ खंड निवडून छापले, पण ती निवड राजकारणाची. खेड्यापाड्यांचे रुमाल बव्हंशी तसेच बांधलेले आहेत. त्या काळचा सर्वांत बोलका कागद म्हणजे महजर. वतनाचा, सीमेचा किंवा देवस्थानच्या मानाचा तंटा पडला म्हणजे गोत जमे, साक्षी होत, निवाडा लिहिला जाई, आणि हजर असलेला प्रत्येकजण खाली आपली निशाणी करी: कुणब्याचा नांगर, सुताराचा वाकस, न्हाव्याचा आरसा, परिटाची मोगरी. लिहिता न येणाऱ्या माणसाने आपल्या हत्याराच्या चित्राने इतिहासात केलेली ही सही पाहिली म्हणजे, आपल्या समाजात सामान्य मनुष्याची नोंदच नव्हती असे म्हणण्याचे धाडस होत नाही. नोंद होती, ती शोधण्याची आपली रीत अपुरी होती.

जन्ममृत्यूच्या नोंदीचे पुस्तक आपल्याकडे उशिरा आले, पण आले. गावचा नमुना नंबर चौदा, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात मुलाचा जन्म, बापाचे नाव, जात, मृताचे वय आणि मृत्यूचे कारण एकेका ओळीत लिहिलेले असते. अलीकडे, २०२३ साली, न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने जातीच्या दाखल्यांसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हा तहसील कचेऱ्यांतील ही विस्मृत पुस्तके एकाएकी बाहेर निघाली आणि मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी जाऊ लागली. दाखल्यासाठी का होईना, महाराष्ट्राने आपल्या खेड्यांची ही वही एकदा उघडली, याचा मला आनंद आहे. पण ती जातीचा रकाना पाहून मिटून ठेवण्याजोगी नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग झाला आणि हजारो कोकणी माणसे आगबोटींनी गावी पळाली. १९१८ साली मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ त्याच मुंबईतून पसरली. या दोन काळांतील पाने ओळीने वाचावीत. एकाच घरातली नावे थोड्या दिवसांच्या अंतराने मृत्यूच्या रकान्यात येऊ लागली, की एखादी शाखा वंशवृक्षावर पुढे का दिसत नाही याचा उलगडा होतो. आणि घरच्या म्हाताऱ्या माणसाने लहानपणी ऐकलेली, पण कोणी खरी न मानलेली हकिगत कागदाने सिद्ध होते.

जमिनीशी ज्यांचा संबंध थोडा होता त्यांचा माग घेण्यासाठी मात्र गाव सोडून बाहेर पडावे लागते. भाट्याच्या खाडीच्या दोन्ही तीरांवरचे दर्यावर्दी आणि मच्छीमार हे असे लोक. समुद्राचा सात-बारा नसतो. पूर्वी जानेवारी-फेब्रुवारीत या किनाऱ्यावर तारलीचा हंगाम असे, शेकडो होड्या पाण्यात उतरत, आणि खाऊन उरलेली तारली भाताला व माडाला खत म्हणून जाई. त्या संपत्तीचा कोठलाही हक्कनोंदपट झाला नाही. त्यांच्या पिढ्या शोधायच्या त्या बंदरखात्याच्या नोंदीत, मशिदीच्या आणि देवळाच्या कागदांत, होडीच्या खरेदीसाठी सावकाराला लिहून दिलेल्या खतांत. कोकणी मुसलमानांपैकी पुष्कळजण आगबोटींवर खलाशी म्हणून गेले. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला त्यांतल्या काहींची वस्ती झाली आणि तेथील मंडळी आपणास अद्याप कोकणी म्हणवितात. महार आणि मराठे मुंबईच्या फौजेत गेले. त्यांची नावे पलटणींच्या दफ्तरात आणि पेन्शनच्या कागदांत आहेत, तेथे बापाचे नाव, गाव आणि तालुका नियमाने लिहिलेला असतो. गिरण्या निघाल्या तेव्हा तर जिल्हाच मुंबईत उतरला. १९११ च्या खानेसुमारीत गिरणीकामगारांपैकी जवळजवळ निम्मे लोक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते.

आणि मॉरिशस. १८३४ पासून पुढे ऊसमळ्यांवर मजूर म्हणून कराराने हिंदुस्थानातून सुमारे साडेचार लाख माणसे त्या बेटावर गेली. त्यांतले मराठी लोक मुंबई बंदरातून चढले आणि त्यांत रत्नागिरी जिल्ह्याचे पुष्कळ होते. बंदरावर उतरताच प्रत्येकाला क्रमांक मिळाला, आणि वहीत त्याचे नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, परगणा आणि गाव लिहिले गेले. १८६० नंतरच्या दशकांत तर मजुरांची छायाचित्रेही काढली गेली. ही सारी दफ्तरे मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जतन केलेली आहेत. रत्नागिरीच्या एखाद्या वाडीत ज्या कुणब्याचे नाव खोताच्या कीर्दीत केवळ थकबाकीपुरते उरले असेल, त्याचा चेहरा हिंदी महासागरातील एका बेटावर पाहावयास मिळू शकतो. तेथील वंशज हातात पूर्वजाच्या क्रमांकाचा उतारा घेऊन कोकणात येतात. गावाचे नाव फ्रेंच-इंग्रज कारकुनाने कानी पडले तसे लिहिलेले असते, परगण्याचे नाव आज कोणाच्या तोंडी नसते, आणि त्यांना उत्तर देण्याजोगे माणूस वाडीत बहुधा भेटत नाही. गावाचा इतिहास लिहिलेला असण्याची गरज मला त्या वेळी सर्वांत अधिक वाटते.

स्त्रियांविषयी लिहिताना लेखणी अडते, कारण येथे कागदाचा अन्याय उघड आहे. लग्न झाले की नाव बदलले, माहेरच्या वंशावळीतून ती गेली आणि सासरच्या वंशावळीत तिच्यासाठी जागा नव्हती. कुलवृत्तांतांनी पत्नीचे माहेर लिहिण्याची रीत पाळली हे त्यांचे मोठे उपकार. इतर घराण्यांत तेही नाही. ती सापडते दत्तकपत्रात, विधवेच्या अन्नवस्त्राच्या दाव्यात, चोळीबांगडीसाठी तोडून दिलेल्या जमिनीच्या कागदात. म्हणजे काहीतरी दुःख झाले तेव्हाच. पुढे १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा आला आणि बाप मेल्यावर वारसनोंदीच्या फेरफारात मुलींची नावे भावांच्या बरोबरीने चढू लागली. कोकणातला सात-बारा आज एकेका गुंठ्यासाठी तीस-चाळीस नावांनी भरलेला असतो, त्याला लोक कंटाळतात, जमीन विकता येत नाही म्हणून कपाळाला हात लावतात. परंतु इतिहास शोधणाऱ्याला तो उतारा आणि त्याच्या मागचे फेरफार म्हणजे सरकारने लिहून ठेवलेली वंशावळ आहे. त्यात आत्या आहेत, आतेभावंडे आहेत, मुंबईला चाळीत वारलेला काका आणि त्याच्या बायकोचे नाव आहे. पुष्कळदा लगेच पुढच्या फेरफारात हक्कसोडपत्राने बहिणींची नावे कमी झालेली असतात. जुन्या फेरफाराची नक्कल म्हणून आधी मागावी, ती नावे तेथे तरी उरलेली आहेत.

कागदाबाहेरचे भाट्ये कोणी कसे वाचावे? हॉस्किन्सने इंग्रज खेड्याला लावलेली दृष्टी येथेही लागू पडते, फक्त अक्षरे वेगळी आहेत. डोंगराच्या पायथ्याशी, समुद्राला लागून, झरी विनायकाचे देऊळ आहे. खडकातून येणारा गोड्या पाण्याचा झरा हेच त्या स्थानाचे कारण. खाऱ्या पाण्याच्या काठी गोडे पाणी जेथे मिळते तेथे वाटसरू थांबतो, तांडेल घडे भरून घेतो आणि देव वस्तीला येतो. किनाऱ्यावरील वस्तीचा क्रम शोधणाऱ्याने प्रथम पाण्याच्या जागा नकाशावर मांडाव्यात. पूल होण्यापूर्वी रत्नागिरीस जाणे तरीवर अवलंबून होते, म्हणून भाट्याचे बाजार, शाळा, कोर्ट, दवाखाना हे सारे भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाला बांधलेले होते. पलीकडे रत्नागिरी १८३२ पासून स्वतंत्र जिल्ह्याचे मुख्य ठाणे झाले, आणि खाडीच्या पाण्याने एका गावाला शहराच्या इतके जवळ राहूनही गाव ठेवले. पूल झाला आणि तेच गाव पावसकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे पहिले ठिकाण झाले. फणसोप, कसोप, गोळप, पावस ही पुढची गावे. पावसकर, फणसोपकर ही आडनावे दूरदूर भेटतात, कारण गावाचे नाव माणूस आडनाव म्हणून लावतो तो बहुधा गाव सोडल्यावर.

माडांच्या आगरांचा इतिहासही असाच वाचण्याजोगा आहे. भाट्ये येथे १९५५ साली नारळ संशोधन केंद्र सुरू झाले आणि पुढे दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते त्याच्याकडे आले. बाणवलीसारख्या उंच जातींवर तेथे वर्षानुवर्षे काम झाले, ‘प्रताप’ ही जात निघाली आणि एका संकरित नारळाने तर भाट्ये हे गावाचे नावच धारण केले. केंद्रात एकेका माडाची आई कोण, बाप कोण, लागवड केव्हाची, फळे किती, हे नोंदलेले असते. ज्या गावात झाडांची वंशावळ इतक्या निगुतीने ठेवली जाते, त्या गावात माणसांचीही ठेवता येईल, असा विश्वास मला त्यावरून वाटतो. रीत तीच आहे, दर वर्षी न चुकता वहीत लिहिण्याची.

देवळाचे मानपान हे आणखी एक साधन आणि ते फार थोड्यांनी हाताळलेले आहे. कोकणात शिमग्याला पालखी घरोघर फिरते, आणि ती कोणाच्या अंगणात आधी जाते, पहिला नारळ कोणाचा, ओटी कोण भरतो, गाऱ्हाणे कोण घालतो, होळीचा माड किंवा आंबा कोणाच्या ठिकाणातून तोडायचा, यांचा क्रम ठरलेला असतो आणि तो मोडला तर भांडणे होतात. हा क्रम म्हणजे वस्तीच्या इतिहासाची तोंडी संहिता आहे. गाव प्रथम कोणी वसविले, नंतर कोण आले, कोणाला वाटा देऊन आत घेतले, हे जे कोणी लिहिले नाही ते पालखीच्या वाटेवर दरसाल चालून दाखविले जाते. गुरवाला हा क्रम मुखोद्गत असतो. ज्यांना पूर्वी मान नाकारला गेला त्यांच्याही घरी जाऊन तोच क्रम त्यांच्या तोंडून ऐकावा, कारण पालखी कोठे थांबत नसे ही गोष्ट कोठे थांबे यापेक्षा इतिहासाला कमी महत्त्वाची नाही. या दोन कथनांतला फरक बोटखताच्या आणि महजराच्या शेजारी मांडला, की गावाचा सांगाडा उभा राहतो.

भाट्याचा इतिहास लिहिण्यास बसणाऱ्या तरुणाला लागणारे पुष्कळसे साहित्य खाडीपलीकडेच आहे. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ चे आहे, महाराष्ट्रातील अगदी जुन्या वाचनालयांपैकी एक. गोगटे-जोगळेकर महाविद्यालय १९४५ चे. ‘सत्यशोधक’ आणि ‘बळवंत’ या स्थानिक वृत्तपत्रांचे जे अंक कोठे उरले असतील त्यांत दर्याच्या दुर्घटना, लिलावाच्या नोटिसा आणि खोतांचे तंटे सापडतील. तहसील कचेरी, भूमी अभिलेख कार्यालय आणि मुंबईचे पुराभिलेखागार ही पुढची स्थाने. मोडी मात्र त्याने शिकलीच पाहिजे. चार-सहा महिने रोज एक पान गिरविले तर एकोणिसाव्या शतकातील कारकुनी अक्षर लागू लागते. आणि कचेरीत अर्ज टाकण्यापूर्वी त्याने वाडीतल्या वृद्ध स्त्रियांकडे जावे, कारण नवऱ्याच्या घराण्याच्या पाच पिढ्या त्या लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून पाठ करीत आलेल्या असतात, आणि आपल्या माहेरच्या पाच पिढ्याही त्यांना येतात. त्या मात्र आजवर त्यांना कोणी विचारलेल्या नसतात. कागद दफ्तरात आणखी दहा वर्षे राहतील. त्या वृद्ध स्त्रियांकडे या पावसाळ्यापूर्वी जावे.